पूल दुरुस्त करायचा म्हणजे आधी पाण्याला वाट करून द्यायची

इंदूरजवळच्या पातालपाणी ते कालाकुंड या रेल्वेच्या घाटातल्या एका दगडी पुलाच्या दुरुस्तीवर मी काम केलं. इंदुरात ज्याला ज्याला हे कळलं त्यानं पहिला प्रश्न एकच विचारला, "गाडीच्या वजनानं खचलाय का गं?" रामबागेतल्या नातेवाइकांनी हेच विचारलं आणि माझ्याबरोबर शिकलेल्या इंजिनीअरांनीही. उत्तर आहे, नाही. मीटरगेजचं वायडीएम-४ हे डिझेल इंजिन ७२ टनांचं, त्याला सहा आस, म्हणजे चाकांच्या सहा जोड्या, दर जोडीमागे १२ टन. त्याच्या मागे हेरिटेज गाडीचे मोजके डबे. याच रुळांवरून एके काळी भरलेल्या मालगाड्या चढत होत्या, मागून ढकलायला जादा इंजिन लावून. त्या मानानं आजचं ओझं फार कमी आहे. शिवाय दगडाची कमान दाबावरच उभी असते. वरून वजन आलं की तिचे दगड एकमेकांना आणखी घट्ट धरतात. ती जाते ती पाण्यानं, आणि आपण केलेल्या चुकीच्या डागडुजीनं.

हा मार्ग होळकरांच्या पैशातून झाला, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको, तरी आकडा सांगतेच. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर लाइनीसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. खांडव्याकडून रूळ आले, त्यांनी नर्मदा ओलांडली आणि पुढे विंध्याचा कडा आडवा आला. माळव्याच्या पठारावर यायचं तर कालाकुंडहून पातालपाणीपर्यंत चाळीस मीटरला एक मीटर असा चढ, चार बोगदे आणि वाटेत जागोजागी नाले. नाला आला की पूल आला. ब्रॉडगेजची नवी लाइन हा चढ टाळायला लांबचा वळसा घेते. २०२३च्या सुरुवातीला महूहून ओंकारेश्वर रोडकडे जाणारी मीटरगेजची नेहमीची गाडी बंद झाली. घाटाचा हा तुकडा मात्र हेरिटेज म्हणून राखलाय. २५ डिसेंबर २०१८ला सुरू झालेली काचेच्या मोठ्या खिडक्यांची गाडी त्यावरून धावते. लोक पातालपाणीचा धबधबा बघतात, कालाकुंडला उतरून कलाकंद खातात. पुलावरून गाडी जाते तेव्हा सगळ्यांचे मोबाइल दरीकडे वळलेले असतात. त्यांच्या पायाखाली काय आहे ते मला सांगायचंय.

पहिल्या पाहणीला मी महूच्या एका काकांना बरोबर नेलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, उभी हयात पुलांची तपासणी करण्यात गेली. आमच्या घरची जुनी ओळख. मी मुद्दाम सप्टेंबर संपता संपता गेले, कारण पुलाचं दुखणं पावसाळा उलटल्यावर लगेच दिसतं. उन्हाळ्यात गेलं तर सगळं कोरडं ठणठणीत असतं आणि आपण फसतो. काकांनी कमानीखाली उभं राहून बराच वेळ वर पाहिलं.

"ते पांढरं दिसतंय ना, ते काय वाटतं तुला?"

"लोणा? भिंतीवर फुटतो तो क्षार?"

"लोणा नाही. चुना आहे तो. वरच्या बांधकामातला. पाणी त्याला विरघळवून खाली आणतंय. दीडशे वर्षांपूर्वी सांध्यात भरलेला चुना असा थेंबाथेंबानं बाहेर पडतोय बघ."

कमानीच्या पोटाला खरोखरच बोटभर लांबीचे पांढरे सुळके लोंबत होते. गुहेत असतात तसे. मी त्यांचे फोटो काढले, पण काकांच्या बोलण्यानं माझ्या कामाची दिशाच ठरली. दगड कुठे फुटलाय हे बघत बसण्याआधी पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडतं हे शोधायचं.

मग हातोडी घेऊन ठोकून बघायला सुरुवात केली. घट्ट बसलेला दगड खणखणतो, मागे पोकळी झाली असेल तर आवाज बद्द येतो. परांचीवर उभं राहून एकेक दगड ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि खडूनं खूण करायची. हे काम कंटाळवाणं वाटेल, मला मात्र ते फार आवडलं. त्यातून पुलाचा नकाशाच तयार झाला. कमानीच्या मधल्या भागात जवळपास सगळे दगड खणखणीत होते. बद्द आवाजाचे पट्टे होते ते दोन्ही कडांना, जिथे वरची बाजूची भिंत कमानीवर बसते. तिथेच कमानीच्या लांबीनं जाणारी एक चीरही होती. ही चीर बरीचशी स्वाभाविक असते. भिंतीखालची कमान ताठ राहते आणि मधली गाडीच्या वजनाखाली किंचित लवते, त्यामुळे दोघींत फट पडते. रुळांना आडवी चीर असती, आणि तीही कमानीच्या माथ्याजवळ, तर मी त्याच दिवशी गाडी थांबवा म्हणाले असते. तशी नव्हती. तरीही चिरेवर जागोजागी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि तारीख लिहिली. चीर वाढत असेल तर काच तडकते. पुढच्या महिन्यांत एकही तडकली नाही.

बाजूच्या भिंतीला मात्र पोट आलं होतं. ओळंबा सोडल्यावर ते डोळ्यांना दिसलं. कारण वर चढून रुळांत पाहिल्यावर कळलं. गिट्टी मातीनं भरून गेली होती आणि भिंतीतून पाणी निघायला ठेवलेली वीप होलं वरच्या अंगाला पूर्ण बुजली होती. डोंगरावरून वाहून आलेली काळी माती कमानीवरच्या भरावात मुरली होती. माळव्याची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, पुढच्या पावसात पुन्हा फुगते. दरवर्षी ती भिंतीला थोडं थोडं बाहेर ढकलत होती.

आणि याच्या जोडीला सिमेंट. मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत कमानीचे खालून दिसणारे सगळे सांधे सिमेंटनं बंद केले होते. वरवर पाहता काम नेटकं होतं. पण काळा दगड, म्हणजे आपला बेसॉल्ट, जवळजवळ पाणी पीतच नाही. पाण्याला बाहेर पडायची जी काही वाट असते ती सांध्यांतूनच. ती बंद केली की वरून शिरलेलं पाणी आत कोंडतं, गाभ्यातला चुना धुऊन काढतं आणि सिमेंटला जिथे बारीकशी भेग मिळेल तिथून गळतं. सुळके होते ते नेमके अशा भेगांशी. सिमेंटचा पापुद्रा पटाशीनं जरा उचकटला की त्याच्यामागे चुन्याऐवजी ओली वाळू हातात यायची.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं आणि आजही तेच आहे: अशा पुलाला वरून बंद करायचं आणि खालून मोकळं ठेवायचं. पाणी वरून शिरू नये यासाठी लागेल ते आधुनिक साहित्य वापरा, त्याला माझी हरकत नाही. सांध्यांत मात्र चुनाच हवा.

हे पटवून देणं सोपं नव्हतं. चुना सावकाश पक्का होतो, त्याला ओलं ठेवावं लागतं, त्याचे हातखंडा कारागीर कमी आणि काम करायला मिळणारा अवधी मोजका. बैठकीत हे सगळं मांडलं गेलं आणि ते खोटं नव्हतं. मी जास्त बोलले नाही. पुलावरून आणलेली ओली वाळू टेबलावर ठेवली आणि शेजारी आतल्या न भिजलेल्या भागातला मूळ चुन्याचा खडा ठेवला. तो खडा हातानं फुटत नव्हता.

कारागीर मिळाले महेश्वरचे. तिथल्या घाटांवर आणि किल्ल्यावर चुन्यातली डागडुजी होत असते, त्यामुळे हाताला सवय असलेली माणसं अजून आहेत. त्यांच्या म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला ताई म्हणत. निमाडी वळणाच्या हिंदीत बोलायचे आणि माझं मराठी समजून घ्यायचे. काम सुरू करायच्या दिवशी घाटातल्या रिवाजाप्रमाणे पातालपाणीला टंट्या मामाच्या मंदिरात नारळ फोडला. इंग्रजांशी लढलेल्या आणि ४ डिसेंबर १८८९ला जबलपूरला फाशी गेलेल्या टंट्या भिलाचं हे ठिकाण. घाटात उतरणारी गाडीसुद्धा इथे क्षणभर थांबते नाहीतर शिट्टी देते. आमच्यातले अर्धे मजूर आसपासच्या पाड्यांवरचे भिल होते, त्यांच्यासाठी तो घरचाच देव.

चुन्याचं काम मी पुस्तकातून वाचलं होतं, शिकले उस्तादांकडून. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तो उसळून अंगावर येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. विझताना खड्ड्यातलं पाणी रटरटा उकळतं. विझलेला चुना चाळून, वर पाणी राखून मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो, थापीला चिकटतो पण ओघळत नाही. नुसता चुना हवेनं पक्का होतो, पुलाच्या ओल्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून त्यात सुर्की, म्हणजे विटेची भुकटी, घालायची. सुर्कीला वीट अर्धवट भाजलेली लागते. फार पक्की वीट दळली तर ती नुसती वाळूच होते, चुन्याशी तिचं काही जमत नाही. उस्ताद विटेचा तुकडा जिभेला लावून बघत. जिभेला चिकटला तर वीट घ्यायची. बेलफळ आणि गुळाचं पाणीही त्यांनी घातलं. मी त्याचे ठोकळे पाडून प्रयोगशाळेत दाबून बघितले तेव्हा त्यांना थोडं नवल वाटलं, पण राग आला नाही. "जांच लो ताई, पुलाला पण कळू दे," म्हणाले.

गाडी बंद ठेवण्याचा काळ ठरला. रूळ आणि स्लीपर उचलले, गिट्टी काढली आणि भराव उकरायला घेतला. या टप्प्यावर माझा जीव खरा टांगणीला लागला होता. कमानीवरची माती हे निव्वळ ओझं नसतं, तिच्या दाबानं कमान आपल्या आकारात राहते. एका अंगाची माती आधी काढली तर दुसऱ्या अंगाचं वजन कमानीला ढकलून तिचा आकार बिघडवतं. म्हणून दोन्ही अंगांनी सारखं, एकेक थर करून उतरायचं. खाली सेंटरिंगचा आधार दिलेला होता, तरीही हा नियम मोडायचा नाही. मशीन लावलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण मशीनला असा तोल कळत नाही. फावडी आणि घमेली घेऊनच काम झालं. दोन टोळ्या समोरासमोर, मध्ये मोजपट्टी धरून मी. काका एक दिवस येऊन बघून गेले आणि जाताना फक्त एवढंच म्हणाले, "घाई करू नकोस, कोण काय म्हणेल ते म्हणू दे."

भराव निघाल्यावर कमानीची वरची पाठ उघडी पडली. बांधल्यापासून ती बहुधा कुणी पाहिली नव्हती. खालून दिसणारे दगड घडीव, कडा धारदार. वरची बाजू मात्र ओबडधोबड ठेवलेली, भरावाला पकड मिळावी म्हणून. एका दगडावर टाकीनं केलेली छोटी खूण होती, कुठल्या तरी पाथरवटाची. उस्तादांनी तिच्यावरून हात फिरवला आणि मजुरांना बोलावून दाखवली. त्या खुणेवर आम्ही आधी फक्त पातळ चुना फिरवला, म्हणजे पुढे कधी कुणी उघडलं तर ती सापडेल.

पोट आलेल्या भिंतीचे वरचे थर उतरवले. प्रत्येक दगडावर नंबर टाकला, थराचा आकडा आणि थरातली जागा. बहुतेक दगड जसेच्या तसे परत बसले. जे फुटले होते त्यांच्या जागी नवे दगड पाहिजे होते. काळा दगड सगळाच सारखा नसतो. फुगेच फुगे असलेला दगड नको, लालसर मातीचा पदर असलेला नको. ठोकल्यावर वाजणारा हवा. पाथरवटानं दगड उन्हात ठेवून पाणी मारलं आणि कुठला पट्टा उशिरा वाळतो ते पाहून त्यातले काही बाजूला काढले. ओल धरून राहते तिथे बारीक चीर असते, हे त्यांनी मला शिकवलं. मी यासाठी महागडी मशीनं वापरलेली आहेत.

कमानीच्या आतल्या पोकळ्यांत पातळ चुन्याचं मिश्रण भरलं. आधी भोकांतून स्वच्छ पाणी सोडून घाण धुऊन काढायची, मग खालच्या भोकापासून सुरुवात करायची. मिश्रण वरच्या भोकातून बाहेर येऊ लागलं की खालचं बंद करून वर सरकायचं. दाब हलका ठेवायचा. जोर लावला तर जी भिंत वाचवायला निघालो तीच बाहेर फेकली जाईल. सांधे खरवडताना त्यांच्या रुंदीच्या दुप्पट खोल गेलो, सिमेंटचा कण राहू दिला नाही, मग चुन्यानं दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरल्या आणि त्यावर ओली पोती लटकवली. मे महिन्यात घाटात जे ऊन असतं त्यात ती तासाभरात वाळायची. पाणी मारायला एक माणूस वेगळाच ठेवला आणि त्याच्यावर माझं सगळ्यांत जास्त लक्ष असे. चुन्याचं काम बिघडतं ते बहुधा ओल टिकवण्याच्या हयगयीनं.

पिंपळाचीही गोष्ट सांगायलाच हवी. एका खांबाच्या टोपीतून मनगटाएवढा पिंपळ उगवला होता. मजुरांपैकी कुणी त्याला हात लावेना, आणि मलाही जबरदस्ती करायची नव्हती. उस्तादांनी त्याची एक फांदी काढून पातालपाणीच्या बाजूला नीट लावली, पाणी घातलं, आणि मग काम पुढे गेलं. पिंपळ उपटायचा नसतो. मुळं दगडांच्या मध्ये पार आतपर्यंत गेलेली असतात, ओढली की दगड घेऊनच बाहेर येतात. बुंधा कापला, छेदात औषध भरलं, मूळ सुकू दिलं आणि मगच तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधला.

डोंगराकडच्या कमानीखाली आग्यामोहोळ होतं. हे पूल मधमाश्यांना फार आवडतात. सावली, उंची आणि खाली पाणी. मोहोळ जाळून टाका असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही. त्या कमानीचं काम शेवटी ठेवलं, आणि तिथला हातोडीचा ठोका उजाडल्यावर बंद ठेवून पहाटे लवकर आणि दिवेलागणीच्या सुमारास जेवढं जमेल तेवढंच केलं. परिणामी त्या बाजूचा डोंगराला टेकलेला भाग नीट तपासायचा राहिला, ते पुढे सांगते.

भराव परत टाकण्याआधी कमानीच्या पाठीवर चुना-सुर्कीचा उतार दिला, त्यावर पाणी अडवणारं आवरण, त्यावर त्याला जपणारा थर, आणि मग मोकळ्या गिट्टीचा पट्टा, म्हणजे शिरलेलं पाणी सरळ खांबांच्या वर गोळा होऊन नव्या नळ्यांतून बाहेर पडेल. काळी माती पूर्ण बाहेर, आत फक्त चांगला मुरूम. मुरूमही दोन्ही अंगांनी सारखाच, थर देत, धुम्मस करत. मग रूळ बसले.

इंदूरच्या भागात वर्षाचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर याच महिन्यांत पडतो आणि घाटाला तो एकदम झोडपतो. पहिल्या दमदार पावसात मी आणि काका छत्र्या घेऊन खाली नाल्याशी उभे होतो. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग एकेका नळीतून गढूळ धार सुटली, थोड्या वेळानं ती स्वच्छ झाली. कमानींची पोटं कोरडी होती. काकांनी खिशातली वही काढून वेळ लिहून घेतली, पाऊस सुरू होऊन किती वेळानं पाणी आलं ते. दरवर्षी हीच वेळ तपासायची असं त्यांनी मला बजावलं. धार उशिरा येऊ लागली तर समजायचं की आत गाळ बसायला लागलाय.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीत डोंगराकडची कमान तिच्या पायथ्याशी ओली सापडली. वरून नाही, मागून. डोंगरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा आहे. वरच्या दगडाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, त्याच्या कडेनं बाहेर येतं आणि पुलाच्या टोकाच्या भिंतीमागे साठतं. तिथे भिंतीच्या वरच्या अंगाला चर खणून ते पाणी बाजूच्या नाल्यात काढावं लागेल. खर्च फार नाही, पण काम मृगाच्या आत व्हायला हवं. मोहोळ त्याच कमानीखाली आहे, त्यामुळे परांची डोंगराच्या अंगानं कशी उतरवायची याचं चित्र काढून मी महेश्वरला पाठवलंय.